पी हळद, हो लाल

पांढऱ्या सदऱ्यावर रस्सा सांडला की हात आधी साबणाकडे जातो. साबण लागतो आणि पिवळा डाग बघता बघता विटकरी लाल होतो. मग घाबरून आणखी साबण, आणखी लाल. डाग काही वाढलेला नसतो. साबणात अल्क (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, आम्लारी) आहे, एवढीच चहाडी कर्क्युमिनने, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्याने केलेली असते. भरपूर पाण्यात खळबळलं की तो मुकाट पुन्हा पिवळा होतो, वर लिंबू पिळलं तर लगेचच. उरलेला पिवळेपणा साबणापेक्षा उन्हात लवकर जातो. कपडा ओला असतानाच वाळत घालावा, कर्क्युमिनला ऊन सोसत नाही.

आम्ल की अल्क हे रंग बदलून सांगणारा, शाळेत ज्याला दर्शक म्हणतात, तो असा मिसळणाच्या डब्यातच बसलेला असतो. तसा लिटमस हा शाळेतला नेहमीचा दर्शकही फार परका नाही. तो लायकेनपासून काढतात आणि गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच. पण दगडफूल भिजवून लिटमस मिळत नाही, हळदीचा कागद मात्र घरी सहज होतो.

एक सपाट चमचा हळद 50 मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये घालून बाटली हलवायची, दहा मिनिटं गाळ बसू द्यायचा आणि वरचं पिवळं पाणी गाळून घ्यायचं. गॅस बंद असावा, स्पिरिट पटकन पेट घेतं. पुष्कळजण हळद साध्या पाण्यात कालवतात. कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही, त्यामुळे कागदावर नुसते कण चिकटतात आणि रंग ठिपक्याठिपक्यांनी येतो. कागद फिल्टर पेपर किंवा टीपकागद हवा. झेरॉक्सच्या बऱ्याच कागदांत खडूची पूड असते, थोडंसं आम्ल ती आधीच गिळून टाकते. पट्ट्या सावलीत वाळवून झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवाव्यात. इथे ‘पी हळद आणि हो गोरी’ची घाई केली आणि पट्ट्या उन्हात टाकल्या, की त्या खरंच गोऱ्या होतात.

आता प्रयोगात हमखास फसगत होते ती खायच्या सोड्याने. पुस्तकात लिहिलेलं असतं, आम्लारीत हळद लाल होते. मुलं सोडा पाण्यात कालवतात, पट्टी बुडवतात आणि ती जेमतेम नारिंगी होते. दोष पट्टीचा नाही. खायच्या सोड्याच्या पाण्याचा सामू (pH, आम्ल-अल्कपणाचं माप) साधारण 8.3 असतो आणि हळदीचा रंग पालटायला सुरुवात होते तीच साडेसातच्या पुढे. ठसठशीत लाल यायला साडेआठ ओलांडावे लागतात. तेच पाणी पाच-दहा मिनिटं उकळलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सोड्याचा काही भाग धुण्याचा सोडा होतो आणि पट्टी लाल होते. हा उकळण्याचा प्रयोग पुस्तकातल्या मूळ प्रयोगापेक्षा जास्त शिकवतो. चुन्याच्या निवळीत मात्र खात्रीने लाल. सोडा कोरडाच पट्टीवर भुरभुरला तर काही होणार नाही, थेंबभर पाणी लागतंच.

आंबटाच्या बाबतीत हळद मुखस्तंभ. लिंबू, चिंच, ताक, साधं पाणी, सगळ्यांत पिवळीच. त्यामुळे ‘पट्टी पिवळी राहिली, म्हणजे पदार्थ आम्लधर्मी’ असा निष्कर्ष वहीत दिसला की तिथे लाल शाई हवी. आम्ल ओळखायचं तर पट्टी आधी चुन्याच्या निवळीत लाल करून घ्यायची आणि मग ती पिवळी होते का ते बघायचं. नाहीतर सरळ जास्वंद घ्यावी. तिच्या पाकळ्यांचा अर्क आम्लात गडद गुलाबी आणि अल्कात हिरवा होतो. फक्त तो एक-दोन दिवसांतच नासतो.

सगळ्यात गंमत कुंकवाची. आंबटात हळद पिवळी राहते म्हणावं, तर हळदीचं कुंकू करायच्या जुन्या रीतीत लिंबाचा रस असतोच, तरी कुंकू लाल! याचं उत्तर सोबतच्या टाकणखारात (बोरॅक्समध्ये) आहे. त्यातलं बोरॉन आम्लाच्या संगतीत कर्क्युमिनला धरून बसतं आणि वेगळंच लाल संयुग तयार होतं. म्हणून हळदीच्या कुंकवावर लिंबू पिळून बघावं. चुन्याने लाल केलेलं असेल तर पिवळं पडेल, टाकणखाराचं लालच राहील. (बाजारातलं पुष्कळसं कुंकू नुसत्या कृत्रिम रंगाचं असतं, त्याला हे काहीच लागू नाही.)

प्रयोगशाळेत बोरॉन ओळखायची जुनी कसोटीही हीच. टाकणखाराच्या द्रावणात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब घालायचे, हळदीची पट्टी त्यात बुडवायची आणि वाळू द्यायची. ओली असताना ती पिवळीच दिसते आणि इथेच घाई करणारे ती फेकून देतात. वाळत आली की तांबूस तपकिरी चढते. त्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा एक थेंब टाकला, की जिथे साधी हळद लाल झाली असती, तिथे ही पट्टी काळपट हिरवी होते.