टेक्श्चरवर रेझिन ओतण्याआधी

रेझिन, म्हणजे हार्डनर नावाचा दुसरा द्रव मिसळला की काचेसारखं घट्ट होणारं एपॉक्सी, ओतल्यावर पाण्यासारखं आपली पातळी शोधतं. पॅलेट नाइफने उठवलेल्या २ मि.मी.च्या रेघोट्यांवर ३ मि.मी. रेझिन ओतलं की रेघोट्या दिसतात, पण बोटांना लागत नाहीत आणि तिरप्या उजेडात त्यांची सावलीही पडत नाही. म्हणून काय बुडणार आणि काय वर राहणार, हे टेक्श्चर करण्याआधीच ठरवावं. वर राहायचा भाग किमान ५-६ मि.मी. उंच हवा. अख्खं चित्र रेझिनखाली घालण्यापेक्षा खळगे तेवढे भरलेले मला जास्त आवडतात. कोरड्या, मॅट उंचवट्याशेजारी ती ओली चकाकी खरी खुलते.

पाया एमडीएफचा किंवा प्लायचा घ्या. कॅनव्हास रेझिनच्या वजनाने मधोमध झोळ धरतो आणि सगळं तिथेच जमा होतं.

टेक्श्चरसाठी मॉडेलिंग पेस्ट (उंचवटे उठवायची तयार घट्ट लुकदी) उत्तम, पण महाग. दोन भाग पांढरी रांगोळी, एक भाग फेविकॉल आणि अर्धा भाग जेसो (रंगाआधी द्यायचं पांढरं अस्तर) असं मिश्रणही छान चालतं. एका वेळी २-३ मि.मी.च थर द्यावा. जाड थर वाळताना आकसतो आणि तडकतो. वरून कोरडा लागला तरी आत ओल असते, म्हणून रेझिनआधी निदान तीन दिवस जाऊ द्या.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: सीलिंग, म्हणजे पृष्ठभागाची छिद्रं बुजवणं. रांगोळी, वाळू, मलमल, ज्यूट या सगळ्यांत हवा अडकलेली असते. ती रेझिन घट्ट होत असताना वर येते आणि बुडबुडा तिथेच गोठतो. शिवाय न सील केलेल्या उंचवट्याच्या कडेने रेझिन वर चढतं आणि ओल्या भिंतीसारखा काळपट डाग पडतो. अॅक्रिलिक ग्लॉस मीडियमचे (वाळल्यावर पारदर्शक, चकचकीत होणाऱ्या बिनरंगी अॅक्रिलिकचे) दोन पातळ हात, मध्ये पूर्ण वाळवण, एवढ्याने दोन्ही टळतं.

माप असं काढा: लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणली की मिलिलिटर मिळतात. १२ × १२ इंचांवर ३ मि.मी. थराला सुमारे २८० मि.लि. लागतं, हार्डनर धरून. प्रमाण डब्यावर लिहिलेलंच घ्यायचं, आणि ते आकारमानाने आहे की वजनाने हे नीट वाचायचं. हार्डनर सहसा हलका असतो, त्यामुळे आकारमानाचं १:१ तराजूवर १:१ राहत नाही. चिकट राहिलेल्या बहुतेक कामांचं मूळ या मापात किंवा अपुऱ्या ढवळण्यात असतं. तीन-चार मिनिटं सावकाश ढवळा, तळ आणि कडा खरवडत. मग दुसऱ्या कोरड्या कपात ओतून पुन्हा मिनिटभर. ओतताना पहिल्या कपाच्या भिंती खरवडून चित्रावर काढू नयेत. तिथलं न मिसळलेलं रेझिन चित्रावर कायम चिकट राहतं.

रेझिनमध्ये मिसळायचा रंग एकूण वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा. ट्यूबमधल्या अॅक्रिलिकमध्ये पाणी असतं, ते जास्त झालं की थर मऊ राहतो. बुडबुडे फोडायला त्यांच्यावरून गॅसच्या ज्योतीचा टॉर्च भर्रकन फिरवायचा. एका जागी थांबला की मीडियमचा थर करपतो.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळावं. दमट हवेत हार्डनर ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून वर पांढुरकी, तेलकट साय धरतो. ती आलीच, तर घट्ट झाल्यावर कोमट साबणपाण्याने धुवून, २२० नंबरच्या पॉलिशपेपरने ओलं घासून, वाळवून मगच नवा थर द्यावा. साय न काढता वर ओतलेला थर पुढे सोलून निघतो.

नायट्राइलचे हातमोजे आणि ऑरगॅनिक व्हेपर काडतुसाचा मास्क वापराच. रेझिनची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. उरलेलं रेझिनही कपात साठवून ठेवू नका. घट्ट होताना ते तापतं; साठलेल्या ढिगात ती उष्णता कोंडते, कप वितळतो, धूर निघतो. ते प्लॅस्टिकवर पातळ पसरून ठेवा. कडक झालेले रंगीत तुकडे फोडून पुढच्या टेक्श्चरमध्ये रोवता येतात.