बिलातलं ‘इतर – १,३००’

मंगळवार, रात्री साडेदहा

बाथरूमचं बिल आज एकदाचं मिटलं. तीन दिवस डोक्यात तेच घोळत होतं.

शनिवारी संध्याकाळी मिस्त्रींनी वहीचं फाडलेलं पान हातात ठेवलं. ठरले होते २२,०००, बिल ३४,७००. पाईप-फिटिंग ५,८००. राडारोडा १२ गोण्या, २,४००. जादा मजुरी दोन दिवस, ३,२००. इतर १,३००. ते ‘इतर’ वाचलं आणि माझा तोल गेला. पंधरा हजार ॲडव्हान्स आधीच दिलेला. “उरलेले सात देते, वर एक रुपया मिळणार नाही,” असं दारातच बोलून गेले. ते एवढंच म्हणाले, “ताई, काम तर बघा,” आणि हेल्परला घेऊन जिना उतरले. रात्री झोप लागली नाही.

रविवारी भावाला फोन केला. तो तावातावानं म्हणाला, १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार कर, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते. खरंच आहे ते. पण तक्रारीला जोडायला काय आहे म्हणून व्हॉट्सॲप उघडलं. त्यांचा पहिला मेसेज स्वच्छ होता: “तोडफोड, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, राडारोडा सर्व धरून २२,०००.” त्याखाली सहा दिवसांनंतरचा फोटो. भिंतीतून काढलेला जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाईप, आत गंज दाटून भोक पेन्सिलीएवढं उरलेलं. “पूर्ण लाइन बदलावी लागेल.” आणि खाली माझं उत्तर, ऑफिसातून घाईत पाठवलेलं: “करा काय लागेल ते.”

किती लागतील हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आमची इमारत १९८८ ची. आतली लाइन सगळी जीआयची. जस्ताचा थर झिजला की पाईप गंजायला लागतो, आणि आटे पाडलेल्या जोडांपाशी पत्रा पातळ असतो म्हणून तिथं आधी गळतो. खालच्या काकूंच्या छताला ओल आली ती तिथूनच. पाईप तसाच ठेवून वर नवीन टाइल्स बसवल्या असत्या, तर पुन्हा फोडाफोडी ठरलेली. म्हणजे हा खर्च खोटा नव्हता. मला लागलं ते हे, की भिंत फोडल्याचा फोटो पाठवता येतो, तर आकडा का नाही पाठवता आला? महिन्याचा हिशेब मांडून जगणाऱ्या माणसाला १२,७०० अचानक काढता येत नाहीत.

आज त्यांना बोलावलं. चहा ठेवला, कागद मध्ये ठेवला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेलो. पाईपची दुकानाची पावती मागितली. सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) पाईप, पितळी एल्बो, जोड चिकटवायचं सोल्युशन मिळून ४,६५० निघाले. वरचे ११५० त्यांनी स्वतःच खोडले. राडारोड्याचा मेसेज दाखवला, तेही गेले. मजुरीतला एक दिवस टाइल्स यायची वाट बघण्यात गेलेला, आणि टाइल्स आणायचं काम त्यांचं. तो त्यांनी सोडला. लाइन बदलण्याचा दुसरा दिवस, १,६००, मी मान्य केला.

राहिलं ‘इतर’. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ते हळूच म्हणाले, “ताई, खालच्या काकूंच्या छताचं पापुद्रं खरवडून पुट्टी आणि रंग मारला ना. तुम्हीच सांगितलं होतं हेल्परला.”

सांगितलं होतं. काकूंना दोन महिने ओल सोसायला लागली म्हणून जाता जाता सांगितलं होतं, आणि साफ विसरले होते. मी त्यांची माफी मागितली. शनिवारी दारात शेजाऱ्यांसमोर बोलले, त्याचीही.

एकूण २९,५५०. ॲडव्हान्स वजा जाता १४,५५० तिथल्या तिथे यूपीआयनं दिले आणि त्याच कागदावर ‘पूर्ण मिळाले’ अशी सही घेतली.

निघताना ते स्वयंपाकघरात डोकावले. “ही लाइनपण जुनीच आहे ताई. करायची झाली तर आधी दोन आकडे लिहून देतो. पाईप चांगला निघाला तर एक, गंजलेला निघाला तर दुसरा.”

दिवाळीनंतर करू, म्हटलं.