पॅन्स पास झाल्यावर पुढे काय?

अमेरिकेत पीए, म्हणजे फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरांच्या जोडीने पेशंट तपासून औषधं लिहून देणारे), व्हायला निघालेली मुलं मला नेहमी एकच विचारतात, पॅन्सचा, म्हणजे पीएच्या सर्टिफिकेटसाठीच्या परीक्षेचा, अभ्यास कसा करायचा. त्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण मला लिहायचंय ते त्याच्या पुढचं. मान्यताप्राप्त प्रोग्रॅम पूर्ण केल्याशिवाय या परीक्षेला बसताच येत नाही. ३०० प्रश्न असतात, ६० प्रश्नांचे पाच ब्लॉक आणि प्रत्येकाला एक तास. हृदय आणि रक्तवाहिन्यांना सगळ्यात जास्त वजन आहे, तिथून सुरुवात करा. रोटेशन्स, म्हणजे शिकताना वेगवेगळ्या विभागांत केलेलं काम, मनापासून केली असतील तर निम्मा अभ्यास तिथेच झालेला असतो.

पास झालात की नावापुढे पीए-सी (सी म्हणजे सर्टिफाइड) लागतं, घरचे पेढे वाटतात, पण पेशंट तपासायची परवानगी अजून नसते बरं का! ही परीक्षा घेणाऱ्या एनसीसीपीए या संस्थेचं सर्टिफिकेट देशभर चालतं, लायसन्स मात्र राज्याचं, आणि प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं. फिंगरप्रिंट, बॅकग्राउंड चेक, कॉलेजकडून थेट जाणारी कागदपत्रं, मग एनपीआय नंबर (आरोग्यसेवा देणाऱ्याचा ओळख क्रमांक), कंट्रोल्ड औषधं, म्हणजे व्यसन लागू शकेल अशी औषधं, लिहायची असतील तर डीईए या केंद्रीय खात्याचं रजिस्ट्रेशन, आणि हे सगळं झालं तरी हॉस्पिटलचं आणि इन्शुरन्स कंपन्यांचं क्रेडेन्शियलिंग, म्हणजे तुमच्या कागदपत्रांची त्यांची पडताळणी, उरतंच, त्यात आरामात काही महिने जातात. म्हणून पगार लगेच सुरू होईल असं धरून घराचं भाडं नि लोनचा हप्ता ठरवू नका, हे कळकळीने सांगते.

आता मुख्य मुद्दा. पहिली नोकरी पगार बघून घेऊ नका, डॉक्टर बघून घ्या. बहुतेक राज्यांत पीएला एखाद्या डॉक्टरशी कोलॅबोरेशन किंवा सुपरव्हिजनचा करार लागतो (नॉर्थ डकोटाने २०१९ मध्ये ही अट बरीचशी काढली, बाकी राज्यंही हळूहळू सैल करतायत). पण कागदावर सही असणं वेगळं आणि तुम्ही अडलात की तो माणूस हाताशी असणं वेगळं.

माझ्या पहिल्या क्लिनिकमधलं सांगते. एक बाई पोटरी दुखतेय म्हणून आल्या, त्यांना वाटत होतं चालताना लचकली असेल. गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या आणि नुकताच लांबचा विमानप्रवास झालेला. मी टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या तर एका बाजूला तीन सेंटीमीटरहून जास्त फरक! डीव्हीटी, म्हणजे पायाच्या खोल शिरेत झालेली रक्ताची गुठळी, डोक्यात आलंच होतं, तरी शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. माझ्या डॉक्टर मॅडम हातातलं काम टाकून आल्या, स्वतः पाय बघितला आणि पेशंटसमोर माझं म्हणणं न खोडता बाहेर येऊन एवढंच विचारलं, "अल्ट्रासाउंड आज मिळाला नाही तर रात्रभर काय करणार?" रिपोर्ट येईपर्यंत रक्त पातळ करणारं औषध सुरू करायचं का, त्याआधी रक्तस्रावाचा धोका कसा तपासायचा, दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीला जा हे त्यांना कसं सांगायचं, हे आम्ही तिथेच उभ्या उभ्या बोललो. पुस्तकात हे सगळं असतं, पण पेशंट समोर बसलेला असताना कोणीतरी असं विचारणारं लागतं.

पुढे काही वर्षांनी मी जास्त पगाराच्या ठिकाणी गेले तिथे डॉक्टर फक्त फोनवर, तोही उचलतील तेव्हा. तोवर माझा हात बसला होता म्हणून निभावलं. पण नवीन पीएला अशा जागी एकटं बसवणं पेशंटच्या दृष्टीनेसुद्धा बरोबर नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा इंटरव्ह्यूला जाल तेव्हा तुम्हीही विचारा. मी अडले तर कोणाला हाक मारायची आणि ते त्याच इमारतीत असतात का? सुरुवातीला दिवसाला किती पेशंट देणार? माझे चार्ट, म्हणजे पेशंटच्या नोंदी, कोण वाचणार, आणि त्यावर माझ्याशी बोलायला त्यांना वेळ असतो का? सीएमई, म्हणजे नोकरीत असतानाचं पुढचं वैद्यकीय शिक्षण, त्यासाठी सुट्टी आणि पैसे मिळतात का, हेही विचारा, कारण दर दोन वर्षांनी १०० क्रेडिट भरावेच लागतात. आणि जमलं तर तिथे काम करणाऱ्या एखाद्या पीएशी एकट्याने बोला, आधीचा पीए का सोडून गेला ते त्याच्याकडूनच कळेल.