रॉडकडून वायरकडे: आमची वाटचाल

शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली तेव्हा मी, धाकटा भाऊ आणि एक जुनं वेल्डिंग मशीन एवढीच फर्म होती. कामं ग्रिलची नि जिन्याच्या कठड्यांची. 16 गेजचा पातळ पाइप वेल्डिंगच्या रॉडने जोडताना भोक पडायचं आणि ते भरण्यात निम्मा दिवस जायचा.

शेडची कामं यायला लागली तसं मिग मशीन घेतलं; त्यात रॉडऐवजी रिळावरची वायर आपोआप पुढे येते आणि सोबत सोडलेला गॅस जोडाला हवेपासून वाचवतो. गाळ्यात झकास चालायचं, पण साइटवर वारा सुटला की गॅस उडून जायचा आणि वेल्डिंगच्या टाक्याची चाळण व्हायची. म्हणून गॅसशिवाय चालणारी, आत संरक्षक पूड भरलेली फ्लक्स कोअर वायर आणली. पहिल्याच दिवशी इतके शिंतोडे उडाले, की भाऊ रीळ परत करायला निघाला. चूक आमचीच होती. साध्या मिग वायरला टॉर्च पॉझिटिव्हला लागते, या वायरला निगेटिव्हला. आम्ही पोलॅरिटी बदललीच नव्हती. रिळाच्या खोक्यावर ते छापलेलं होतं, वाचतो कोण?

मग भंगारातले तुकडे घेऊन बसलो. जाडीच्या दर मिलिमीटरला साधारण 40 अँपिअर, हा ढोबळ हिशोब जमला. 16 गेज म्हणजे 1.6 मिमी, त्याला 65 च्या आसपास. 3 मिमीच्या अँगलला 120. या मशीनवर करंटचं वेगळं बटण नसतं, वायरचा वेग वाढवला की करंट वाढतो. व्होल्टेज कमी पडलं तर वायर टोचते, जास्त झालं तर टाका पसरतो. जमलेला प्रत्येक आकडा शटरच्या आतल्या बाजूला खडूने लिहिला.

एक दणका मात्र बसलाच. फाटकाची 6 मिमीची बिजागरी 0.8 च्या वायरने, पाइपाच्याच सेटिंगवर, एका पासमध्ये, म्हणजे एकाच थरात, जोडून दिली. टाका दिसायला सुरेख, पण नुसता वर बसलेला. आत गेलाच नव्हता. महिन्याभरात फाटक खाली आलं. पदरमोड करून नवं बसवलं. आमची ती वायर जीएस जातीची, एकाच पासची; थरावर थर द्यायला टी-11 लागते, हे तेव्हा कळलं. आता जाड प्लेटच्या कडा आधी ग्राइंडरने उतरवतो.

पुढे गाळा बदलला. मालकाने शटर रंगवून मागितलं, तेव्हा भावाने आधी सगळे आकडे वहीत उतरवून घेतले. नव्या इन्व्हर्टर मशीनवर त्यातले निम्मे जुळले नाहीत. पुन्हा भंगाराचे तुकडे काढले.