एस्पेरांतोतला ‘न’ कुठे निसटतो

एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या भाषेचं व्याकरण सोळा नियमांत मावतं असं म्हणतात, आणि ते खरंच आहे. ती घडवणाऱ्या लुडविक झामेनहोफ यांनी 1887 साली वॉर्सात जी पहिली पुस्तिका काढली, तिच्यात सोळाच नियम आहेत आणि ते एका बैठकीत वाचून होतात. नामाच्या शेवटी ‘ओ’, विशेषणाच्या शेवटी ‘आ’, अनेकवचनाला ‘य’. क्रियापदाला वर्तमानकाळी ‘आस’, भूतकाळी ‘इस’, भविष्यकाळी ‘ओस’. लिंग, वचन, पुरुष कशाचाही त्यावर परिणाम नाही. एवढं पाठ झालं, की भाषा हातात आली असं वाटतं. मग वाक्यं लिहायला बसलं की ‘न’ निसटू लागतो.

हा ‘न’ कर्माची खूण आहे. ‘ला हुंदो विदास ला कातोन’ म्हणजे कुत्रा मांजराला पाहतो. (इथला ‘ला’ नामाच्या आधी येणारं उपपद आहे, आपल्या चतुर्थीच्या ‘ला’शी त्याचं नातं नाही. देवनागरीत टिपणं काढताना डोळा हमखास फसतो.) शब्द उलटे करून ‘ला कातोन विदास ला हुंदो’ म्हटलं, तरी पाहणारा कुत्राच राहतो. सजीव कर्माला प्रत्यय लावायची आपल्याला सवय आहे, म्हणून इथवर सहसा चूक होत नाही.

चूक होते ती पुस्तकापाशी. ‘मुलगी पुस्तक वाचते’ यात पुस्तकाला आपण काहीच लावत नाही. भूतकाळात तर आणखी पंचाईत: ‘मुलीने पुस्तक वाचलं’. प्रत्यय मुलीला लागला, पुस्तक कोरं राहिलं आणि क्रियापदही पुस्तकाच्या मागे गेलं. एस्पेरांतोत कर्तरी, कर्मणी असा हा पालट काळाप्रमाणे होत नाही. ‘ला क्नाबिनो लेगास लिब्रोन’, ‘ला क्नाबिनो लेगिस लिब्रोन’. मुलगी दोन्हीकडे कोरी, ‘न’ दोन्हीकडे पुस्तकाला. विशेषण असेल तर त्यालाही: ‘बोनान लिब्रोन’, आणि चांगली पुस्तकं अनेक असतील तर ‘बोनायन लिब्रोयन’. क्रम ठरलेला आहे, आधी ‘य’, मग ‘न’.

हे अंगवळणी पडलं की उलटी चूक सुरू होते आणि दिसेल तिथे ‘न’ लागतो. ‘ली एस्तास इन्स्त्रुइस्तो’, तो शिक्षक आहे. इथे शिक्षक हे कर्म नाही, विधिपूरक आहे, म्हणजे कर्ता कोण ते सांगणारा शब्द. त्याला ‘न’ लावायचा नाही. शब्दयोगी अव्ययाचं काम करणारे शब्द एस्पेरांतोत नामाच्या आधी येतात आणि आठव्या नियमाप्रमाणे त्यांच्यानंतरचं नामही कोरंच राहतं.

अपवाद तेराव्या नियमात आहे. मला हा नियम साऱ्या व्याकरणात सगळ्यात देखणा वाटतो. ‘मांजर टेबलावर उडी मारतं’ या मराठी वाक्यात मांजर आधीपासून टेबलावर होतं की जमिनीवरून तिथे गेलं, ते कळत नाही. आपला ‘वर’ दोन्हीला चालतो, जसा ‘घरात आहे’ आणि ‘घरात गेला’ यांत ‘त’ एकच. एस्पेरांतोत ‘ला कातो साल्तास सुर ला ताब्लो’ म्हटलं, तर मांजर टेबलावरच तिथल्या तिथे उड्या मारतंय. ‘सुर ला ताब्लोन’ म्हटलं, तर ते खालून टेबलावर झेपावलं. म्हणून ‘वर’, ‘आत’, ‘खाली’ लिहिताना दर वेळी विचारायचं: जागा बदलली का? बदलली तर ‘न’. मात्र ‘आल’ म्हणजे कडे आणि ‘जिस’ म्हणजे पर्यंत, या दोघांच्या अर्थातच दिशा आहे, त्यामुळे त्यांच्यानंतर ‘न’ येत नाही.

‘आवडणे’ची गंमत वेगळी. ‘मला पुस्तक आवडतं’ याला जुळणारं ‘आल मी प्लाचास ला लिब्रो’ हे शुद्ध एस्पेरांतो आहे. पुस्तक कर्ता, म्हणून ‘न’ नाही. दुसरं क्रियापद ‘शाती’: ‘मी शातास ला लिब्रोन’. यात मी कर्ता, पुस्तक कर्म. दोन्ही साचे एकत्र शिकल्यास ‘मी प्लाचास ला लिब्रोन’ अशी खिचडी होते. सुरुवातीला एकच धरावा, आणि तो ‘शाती’चा धरावा, कारण मराठीची सवय तिथे मदतीला येत नाही आणि सराव तिथेच लागतो.

1907 साली एस्पेरांतोतून निघालेल्या इदो भाषेने हा ‘न’ कर्म कर्त्याच्या आधी आलं तरच ठेवला. मला ते पटत नाही. ‘मी फार्बिस ला रूजान पोर्दोन’, मी लाल दार रंगवलं. आता ते कुठल्याही रंगाचं असेल. ‘मी फार्बिस ला पोर्दोन रूजा’, मी दार लाल रंगवलं. दुसऱ्या वाक्यात ‘रूजा’ला ‘न’ नाही, म्हणून लाली दाराला रंगवल्यावर आली. ‘रूजान’ म्हटलं, की ती आधीचीच ठरते.