आईला तिथे कशाला नेलंस?

तुम्ही विचारलंत म्हणून. मावशीने विचारलं, दोन्ही वहिन्यांनी विचारलं, मंडळाच्या गणपतीत तर ओळखपाळख नसलेल्या एका काकूंनीही विचारलं: 'सत्तरीतल्या बाईला, गुडघे दुखत असताना, जिथे काहीच नाही तिथे कशाला नेलंस?' स्कॉटलंडमधला एक पडका बुरूज दाखवायला नेलं होतं, त्याला सहा वर्षं झाली. आईचं मनगट जुळलं, तुमचं विचारणं थांबलेलं नाही.

आधी ते 'काहीच नाही' खोडते. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची गुरंढोरं पळवायचा धंदा चालला. म्हणून ऐपत असलेला माणूस घर म्हणून बुरूजच बांधायचा. खाली दगडी कमानीचं कोठार, वर बिऱ्हाड, अरुंद चक्री जिना, दाराला लोखंडी जाळी. १५३५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने कायदाच केला, की सीमाभागात शंभर पौंडांची जमीन असणाऱ्याने साठ फूट लांब-रुंद दगडी आवार बांधलंच पाहिजे. दहाच वर्षांत इंग्रज फौज आली आणि एका मोहिमेत २४३ गावं उद्ध्वस्त केल्याची यादी त्यांनी स्वतःच करून ठेवली. घर सोडून पळायची वेळ आली, तर लोक बुरुजात पीट, म्हणजे दलदलीतली वाळवलेली जळाऊ माती, पेटवून जायचे. ती कित्येक दिवस धुमसत राहायची, त्यामुळे शत्रूला आत दारू ठासून बुरूज उडवता येत नसे. १६०३ मध्ये दोन्हीकडे राजा एकच झाला आणि पुढे हे बुरूज कुणाला नकोसे झाले.

हे सगळं मी गाडीत आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

सीमेजवळच्या न्यूकॅसलटन गावाहून आम्ही १९६९ साली बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटेने गेलो. वाट सपाट आहे, हे मी आधी जाऊन बघून आले होते. वहिनी, हे वाचताय ना? तिथे मँगर्टन, गुरं पळवणाऱ्या आर्मस्ट्राँग घराण्याच्या म्होरक्याचा बुरूज. होता. आता गवतात भिंतीचा एक तुकडा आणि त्यात १५८३ साल नि तलवार कोरलेला दगड.

"एवढंच?" आई म्हणाली. मग तिने त्या आकड्यांवरून बोट फिरवलं, शेताच्या बांधाकडे बघितलं आणि म्हणाली, "बाकीचा तिकडे गेला असणार. आम्हीही आणायचो की टोपल्या भरभरून, गढीची पांढरी माती. धाब्यावर टाकायला."

तिच्या गावाला गढी होती, हे मला त्या दिवशी कळलं. चाळिशी उलटल्यावर.

आता खरं सांगते. 'आई घसरली' एवढंच मी सगळ्यांना सांगत आले. मला फोटो हवा होता. "जरा मागे हो ना, दगड येत नाहीये," हे मी म्हणाले होते. ती मागे झाली. गवत ओलं होतं. ती ओरडली नाही, फक्त बसली, आणि ओढणीत हात गुंडाळून गाडीपर्यंत चालत आली. इस्पितळात तासन्‌तास बसलो, तेव्हाही मी तिला पीटचंच सांगत होते. गप्प बसवत नव्हतं.

न्यायला नको होतं? पाऊस होऊन गेलेल्या दिवशी नको होतं, कबूल. पण न्यायलाच नको होतं, हे मी म्हणणार नाही. तेव्हाही म्हटलं नाही, आणि तेव्हा माझ्याकडे कारणही धड नव्हतं.

फोटो आहे. दगड स्वच्छ आलाय, तलवारही दिसते. डाव्या कडेला आईचं कोपर आहे.