लहरीला पडलेला पीळ

पीव्हीसी पाइप आणि लोखंडी मोजपट्टीचे तुकडे जोडून केलेला यागी अँटेना घेऊन मी अधूनमधून गच्चीवर उभा राहतो. हौशी रेडिओचा एखादा लहान उपग्रह क्षितिजावर आला की त्याचा आवाज रिसीव्हरमध्ये स्पष्ट ऐकू येतो. पण अँटेना त्याच्यावर रोखलेला असतानाच मनगट पाव फेरी वळवले, तर तोच आवाज खरखरीत बुडून जातो. उपग्रहाची रेडिओ लहर एका विशिष्ट प्रतलात कंप पावत येते आणि पट्ट्या त्या प्रतलाशी जुळल्या नाहीत, तर ती हाती लागत नाही.

पवईच्या आयआयटी मुंबईतील विद्यार्थ्यांनी बांधलेला ‘प्रथम’ हा उपग्रह याच गोष्टीवर उभा होता. आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांतून, खाली येताना तेथील इलेक्ट्रॉन आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मिळून लहरीच्या प्रतलाला पीळ घालतात, आणि वारंवारता जितकी कमी तितका हा पीळ जास्त पडतो. ‘प्रथम’च्या सुमारे 146 आणि 437 मेगाहर्ट्झच्या दोन लहरींपैकी पहिलीला दुसरीच्या जवळजवळ नऊपट पीळ पडतो. उपग्रह थोडा कलला, तरी दोन्ही लहरी सारख्याच कलतात. उरलेला फरक इलेक्ट्रॉनांचा असतो, आणि त्यावरून वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन होते याचा हिशेब मांडता येतो. ही रचना मला अतिशय सुंदर वाटते, कारण सुमारे दहा किलोच्या त्या पेटीने फक्त लहरी सोडायच्या होत्या आणि मोजमाप जमिनीवर व्हायचे होते. त्यामुळे अँटेना उभारू शकणारे कोणतेही महाविद्यालय या कामात भागीदार होऊ शकत होते.

भारतात अशा अनेक केंद्रांची गरजही आहे. चुंबकीय विषुववृत्त केरळातील थुंब्याजवळून जाते. तेथे वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला मध्य भारताच्या आकाशात साठतात, म्हणून एका ठिकाणची नोंद साऱ्या देशाला पुरत नाही. एक चौरस मीटर छेदाच्या स्तंभात एकावर सोळा शून्ये इतके इलेक्ट्रॉन वाढले, की जीपीएसने मोजलेले अंतर सुमारे 16 सेंटिमीटरने चुकते, आणि भर दुपारी अशी शंभर एककेही साठू शकतात.

2007 साली सुरू झालेले हे काम 26 सप्टेंबर 2016 रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी35 या रॉकेटने कक्षेत पोहोचवले. बी.टेक. चार वर्षांत संपते, त्यामुळे सुरुवात करणारी मुले उड्डाणाच्या कितीतरी आधी पदवी घेऊन बाहेर पडलेली होती, आणि प्रत्येक तुकडीला आपले अर्धवट सर्किट व आपल्या नोंदवह्या पुढच्यांच्या हाती सोपवाव्या लागल्या. उपग्रहाचे नियोजित आयुष्य अवघे चार महिन्यांचे होते.